दिनविशेष : १३ फेब्रुवारी
केंब्रिजच्या वादसभेचा जन्म

केंब्रिज विद्यापीठातील तीन छोट्या वादमंडळांनी एकत्र येऊन १८१५ मध्ये आजच्या दिवशी ‘केंब्रिज युनियन’ ही विद्यार्थ्यांची वादसभा स्थापन केली. नेपोलियनशी दीर्घकाळ चाललेल्या युद्धांचा तो शेवटचा टप्पा. तरुण पोरांनी राजकारणावर बोलावे, हे विद्यापीठाला रुचणारे नव्हते. मार्च १८१७ मध्ये ऐन सभेत प्रॉक्टर, म्हणजे विद्यापीठाचे शिस्त-अधिकारी, कुलगुरूंचा हुकूम घेऊन दाखल झाले : सभा बंद करा! अध्यक्षस्थानी होता विल्यम ह्यूएल. त्याने शांतपणे सांगितले, ‘परक्यांनी बाहेर जावे, निरोपावर सभागृह विचार करील.’ बाणेदारपणा दाखवून झाला, पण बंदी काही टळली नाही. १८२१ मध्ये सभा पुन्हा भरू लागली, तीही चालू राजकारणाला हात न लावण्याच्या अटीवर.

स्त्रियांना सभासदत्व मिळायला मात्र १९६३ साल उजाडले. त्यानंतर चारच वर्षांत, १९६७ मध्ये, अ‍ॅन मॅलालू या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या.

आणि तो ह्यूएल? पुढे तो ट्रिनिटी कॉलेजचा प्रमुख झाला. इंग्रजीतला ‘सायंटिस्ट’ हा शब्दही त्याचीच देणगी.