दादर–रत्नागिरी पॅसेंजर : एका खंडित गाडीचा वृत्तांत

आमच्या ज्ञातीतील बहुतेक घराण्यांची मुळे महाड, खेड, चिपळूण, संगमेश्वर या भागांत असून शाखा परळ, दादर, ठाणे आणि पनवेल येथे विस्तारल्या आहेत. या मुळांना व शाखांना जोडणारी जी एक साधी, स्वस्त आणि सर्वांना परवडणारी गाडी होती, तिचा इतिहास या स्मरणिकेत नोंदविला जावा, असे आम्हांस वाटले.

पनवेलला आगगाडी तशी उशिरानेच आली. मुंबईहून ठाण्यास पहिली गाडी 16 एप्रिल 1853 रोजी धावली. पनवेल मात्र त्यानंतर शंभर वर्षे बंदर, बैलगाड्या आणि पुढे मोटारी यांवरच विसंबून राहिले. दिवा–पनवेल मार्ग 1960 नंतरच्या दशकात झाला, आणि तो पुढे आपट्याहून रोह्यास पोचण्यास 1986 साल उजाडले. रोह्याच्या दक्षिणेस रेल्वे व्हावी म्हणून अ. ब. वालावलकर, बॅरिस्टर नाथ पै, प्रा. मधु दंडवते यांनी जन्मभर ध्यास घेतला. अखेर 19 जुलै 1990 रोजी कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले. प्रा. दंडवते त्या वेळी केंद्राचे अर्थमंत्री, जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि ई. श्रीधरन महामंडळाचे प्रमुख, असा योग जुळून आला होता. महामंडळाच्या मूळ भांडवलात महाराष्ट्राचा वाटा शेकडा 22 होता, हे आपण विसरता कामा नये. 26 जानेवारी 1998 रोजी संपूर्ण मार्ग वाहतुकीस खुला झाला. (रत्नागिरीजवळील 64 मीटर उंचीचा प्रसिद्ध पूल ‘पानवल’ नदीवरचा आहे, पनवेलचा नव्हे, आमच्या विद्यार्थ्यांपैकी निम्मे तरी दरवर्षी ही गल्लत करीत.)

मोठ्या शहरांस जोडणाऱ्या जलद गाड्या पुष्कळ आल्या. परंतु त्या कोलाड, इंदापूर, गोरेगाव, करंजाडी, विन्हेरे, कामथे, उक्षी, भोके अशा गावांना काय उपयोगाच्या? तेथे थांबे ती पॅसेंजर. दुपारी दादरहून निघावी, पनवेलला क्षणभर टेकावी आणि रात्री रत्नागिरीस पोचावी. पहाटे रत्नागिरीहून सुटून दुपारी दादरला यावी. आरक्षणाची दगदग नाही. फणस, आंब्याची पेटी, तांदळाचे बोचके, गौरी-गणपतीचे सामान, हे सारे घेऊन म्हाताऱ्या आया एकट्याने प्रवास करीत, कारण दादरला मुलगा किंवा जावई फलाटावर उभा असे. गावचा माणूस आणि चाकरमानी यांच्यामध्ये गाडी बदलण्याचा प्रसंगच नव्हता, हे तिचे खरे वैशिष्ट्य होय.

मार्च 2020 मध्ये महामारीमुळे देशभरातील प्रवासी गाड्या थांबल्या. 2021 मध्ये ही गाडी पुन्हा सुरू झाली. पण दादरऐवजी ती दिव्याहून सुटू लागली व दिव्यालाच संपू लागली. दादरची गाडी म्हणून जी होती, ती तेथे खंडित झाली. गाडी वेळेवर न आल्याने उपनगरी वाहतूक विस्कळीत होते, असे कारण पुढे आले. ते सर्वस्वी खोटे म्हणता येत नाही. एकेरी मार्गावर पॅसेंजरला बाजूस उभी करून जलद गाड्यांना वाट द्यावी लागे, आणि झालेला उशीर दादरपर्यंत ओढला जाई. तथापि 2021 मध्ये रोहा–वीर मार्ग दुहेरी झाला आणि 18 फेब्रुवारी 2022 रोजी ठाणे–दिवा दरम्यानच्या पाचव्या व सहाव्या मार्गिकेचे लोकार्पण झाले. मग जुन्या कारणाचा पुन्हा विचार का होऊ नये, हा प्रवासी संघटनांचा प्रश्न आम्हांस रास्त वाटतो. या संघटनांनी निवेदनावर निवेदने दिली आहेत.

आम्हां पनवेलकरांचे यात प्रत्यक्ष नुकसान थोडे झाले, हे कबूल केले पाहिजे. 1998 पासून हार्बरची लोकल आपल्या दारात आहे, आणि गाडी दादरहून भरून येत नाही म्हणून काहींना उलट बसावयास जागाही मिळते. म्हणूनच येथील आपले बांधव या मागणीबाबत उदासीन राहतात की काय, अशी शंका येते. पण ज्या परळच्या मावशीला सामानासह दिव्याचा पूल चढून लोकलच्या गर्दीत शिरावे लागते, ती आपल्याच घरातली आहे.

ज्या कुटुंबांपाशी या गाडीची जुनी तिकिटे, वेळापत्रके अथवा छायाचित्रे असतील, त्यांनी ती मंडळाच्या कार्यालयात नोंदवून जमा करावीत. मागणीच्या पुढील अर्जास ती जोडावीत, असा आमचा विचार आहे.