टायटॅनियमचं ऑटोमॅटिक पायलट वॉच म्हणजे काय? घेण्यापूर्वी हे वाचा

वैमानिकाला एका नजरेत वेळ कळावी, यासाठी पायलट वॉच तयार झालं. दुसऱ्या महायुद्धात जर्मन हवाई दलासाठी बनलेली अशी घड्याळं तब्बल 55 मिलिमीटर रुंद होती. काळी डायल, अंधारात चमकणारे काटे आणि 12 च्या जागी त्रिकोण ही त्यांची रचना आजही वापरली जाते.

ते हलकं का असतं?
एक घन सेंटिमीटर स्टीलचं वजन सुमारे 8 ग्रॅम भरतं, टायटॅनियमचं फक्त 4.5 ग्रॅम. शिवाय टायटॅनियम गंजत नाही. सिटिझन कंपनीने 1970 मध्ये टायटॅनियमचं पहिलं मनगटी घड्याळ आणलं.

ऑटोमॅटिक म्हणजे?
यात बॅटरी नसते. हात हलला की आतला रोटर फिरतो आणि स्प्रिंगला आपोआप चावी मिळते. काढून ठेवल्यास अनेक घड्याळं साधारण 40 तासांनी थांबतात.

काय लक्षात ठेवाल?
टायटॅनियमला चुंबक चिकटत नाही, पण त्यामुळे आतल्या यंत्राचं चुंबकापासून संरक्षण होत नाही. स्पीकर किंवा चुंबकी बटणाच्या पर्सजवळ ठेवल्यास घड्याळ पुढे पळू शकतं. कोटिंग नसेल, तर ओरखडेही सहज उठतात. त्यामुळे वजनासोबत चुंबकरोधक क्षमता आणि कोटिंगही तपासा.