रॉन लाइल : तिसाव्या वर्षी पहिली प्रोफेशनल फाइट

आजच्या भागात बोलूया हेवीवेट बॉक्सर रॉन लाइलबद्दल. बॉक्सिंगच्या गप्पांमध्ये याचं नाव बहुतेक वेळा 'अलीकडून हरलेला, फोरमनकडून हरलेला' एवढ्यापुरतंच निघतं. मला विचाराल तर त्याची गोष्ट कळायला आधी तारखा शेजारी शेजारी ठेवून बघायला हव्यात.

लाइलचा जन्म फेब्रुवारी १९४१ चा, मुहम्मद अलीचा जानेवारी १९४२ चा. म्हणजे लाइल अलीपेक्षा अकरा महिन्यांनी मोठा! अली १९६० मध्ये प्रोफेशनल झाला आणि १९६४ मध्ये जगज्जेता. तेव्हा लाइल कुठे होता? कोलोरॅडोतल्या कॅन्यन सिटीच्या तुरुंगात. टोळीच्या मारामारीत एका तरुणाचा जीव गेला होता आणि त्या खुनासाठी लाइलला शिक्षा झाली होती. आत असताना त्यालाच कुणीतरी भोसकलं, तो मरता मरता वाचला. बॉक्सिंगही तो तिथेच शिकला. १९६८ मध्ये एकोणीस वर्षांच्या जॉर्ज फोरमनने ऑलिंपिक सुवर्णपदक जिंकलं, तेव्हाही हा आतच होता.

साडेसात वर्षांनी, १९६९ मध्ये, तो पॅरोलवर सुटला. एप्रिल १९७१ मध्ये पहिली प्रोफेशनल फाइट. वय तीस! सलग १९ फाइट जिंकल्या. मग १९७३ मध्ये जेरी क्वारी समोर आला. क्वारी त्याच्यापेक्षा चार वर्षांनी लहान, पण अनुभवाने कितीतरी मोठा. लाइल गुणांवर हरला.

मे १९७५, लास व्हेगास, समोर अली. दहा राउंडनंतर दोन पंचांच्या कार्डावर लाइल पुढे होता, तिसऱ्याकडे बरोबरी. अकराव्या राउंडमध्ये अलीचा उजवा ठोसा बसला, पाठोपाठ ठोशांचा मारा आणि रेफरीने फाइट थांबवली. लाइल पडला नव्हता, पायांवर उभा होता.

जानेवारी १९७६ मध्ये फोरमन. चौथा राउंड यूट्यूबवर जरूर बघा. फोरमन पडला, उठला. मग लाइल पडला, उठला. मग परत फोरमन पडला! पाचव्यात मात्र लाइल कोपऱ्यात अडकला आणि संपला. 'द रिंग' मासिकाने ही वर्षातली सर्वोत्तम फाइट ठरवली.

आता माझं मत. लाइलचा ठोसा कमी पडला नाही, हिंमत तर नाहीच नाही. कमी पडले ते राउंड. जोराचा ठोसा बसल्यावर मिठी कधी मारायची, दम कुठे राखायचा, हे बाकीचे विशीत छोट्या फाइटमध्ये चुका करत शिकतात. लाइलला तेच जगातल्या सर्वोत्तम बॉक्सरसमोर, पस्तिशीच्या उंबरठ्यावर शिकावं लागलं.

आमच्या आयटीत अठ्ठावीसच्या पोरालाही 'उशीर झाला का?' असं वाटतं आणि लगेच कुणीतरी सांगतं, 'उशीर असं काही नसतंच.' मला हे पटत नाही. उशीर असतो आणि त्याची किंमतही मोजावी लागते. लाइलने ती मोजली, जगज्जेतेपद कधीच मिळालं नाही. पण हिशोबाची दुसरी बाजूही आहे. ४३ विजय, त्यातले ३१ नॉकआउट. पुढे डेन्व्हरमध्ये त्याने पोरांना बॉक्सिंग शिकवलं. २०११ मध्ये सत्तराव्या वर्षी तो गेला.

तुरुंगातून सुटलेल्या माणसासाठी हे थोडं नाही. तुम्हाला काय वाटतं, नक्की कळवा. भेटूया पुढच्या भागात.