स्मार्ट लाईट आणि चोर-अलार्म एकाच घरात: वऱ्हाडच्या उन्हाळ्यात काय सांभाळायचं?

मागच्या मे महिन्यात आम्ही सगळे मावसबहिणीच्या लग्नाला अकोल्याला गेलो होतो. अमरावतीचं घर बंद. हॉलमध्ये मोशन सेन्सरवाला अलार्म होता, आणि घरात कोणीतरी आहे असं वाटावं म्हणून साडेसातला आपोआप लागणारा टेबल लॅम्प. दोन्ही मीच बसवलेले. हळदीच्या गडबडीत फोनवर सूचना आली: सायरन सुरू. शेजारचे काका काठी घेऊन धावले, तर कुलूप जसंच्या तसं. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला पुन्हा सायरन, पुन्हा काका. रात्री त्यांचा फोन आला, "बापू, आता वाजलं त मी काही जात नाही बरं."

घर राखणारा खरा माणूस तोच होता, आणि माझ्या ऑटोमेशनने त्यालाच कंटाळवलं.

चूक कुठे झाली ते आधी सांगतो. अलार्ममध्ये बहुतेक वेळा पीआयआर सेन्सर असतो. तो कॅमेऱ्यासारखं बघत नाही. अंगातून निघणारी उष्णता, म्हणजे साधारण ८ ते १४ मायक्रॉन लांबीच्या अवरक्त लहरी, तो ओळखतो. आत दोन छोटे भाग असतात आणि पुढे खाचाखाचांची पांढरी प्लास्टिक भिंग. माणूस आडवा गेला की उष्णता आधी एका भागावर पडते, मग दुसऱ्यावर. या फरकाला सेन्सर 'हालचाल' म्हणतो. माझ्या लॅम्पमध्ये जुना शंभर वॅटचा पिवळा बल्ब होता, आणि सेन्सर त्याच्या अगदी समोर. काही सेकंदांत तापणारी वस्तू समोर आली, म्हणजे त्याच्या हिशेबाने कोणीतरी आलं. एलईडी बल्ब लावला आणि सेन्सर बाजूच्या कोपऱ्यात हलवला, तेव्हापासून त्या कारणाने सायरन वाजलेला नाही.

म्हणून पहिला नियम: टाइमरवर चालणारा दिवा एलईडीच हवा, आणि तो सेन्सरच्या तोंडासमोर नको. सेन्सर सव्वादोन मीटरच्या आसपास उंचीवर, कोपऱ्यात लावा, असा की आत येणारा माणूस त्याच्यासमोरून आडवा जाईल. सरळ त्याच्याकडे चालत येणारा माणूस पीआयआरला उशिरा दिसतो. समोर उन्हाची खिडकी नको. कूलरचा झोत थेट सेन्सरवर नको, आणि त्या झोतात हलणारा पडदाही नको. रात्री घरात झोपलेले असताना अलार्म चालू ठेवत असाल, तर आपल्याकडे मार्च ते जून हीच सगळ्यात मोठी कटकट आहे.

आता उलटी अडचण, जी माहितीपुस्तिकेत बारीक अक्षरांत असते. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. दिवसभर तापलेल्या स्लॅबखालची बंद खोली संध्याकाळीही ३५-३६ अंशांवर असते. माणसाच्या त्वचेचं तापमान जवळपास तेवढंच. मग भिंत आणि माणूस यांत फरकच उरत नाही आणि सेन्सर अर्धा आंधळा होतो. चांगल्या सेन्सरमध्ये तापमानानुसार संवेदनशीलता वाढवण्याची सोय असते, पण तिलाही मर्यादा आहे. मायक्रोवेव्ह जोडलेला 'ड्युअल' सेन्सर घेतला की प्रश्न सुटतो, असं दुकानदार सांगेल. पूर्ण खरं नाही. त्यात सहसा दोन्हींनी होकार दिला तरच सायरन वाजतो. त्याने खोटे अलार्म कमी होतात, पण पीआयआरला माणूस दिसलाच नाही तर तो होकार देणार कुठून? म्हणून दरवाज्याला आणि खिडकीला चुंबकवाला डोअर सेन्सर लावाच. स्वस्त आहे, आणि त्याला उन्हाशी देणंघेणं नाही.

लाईन गेली तर? स्मार्ट बल्बमध्ये 'वीज परत आल्यावर काय करायचं' अशी सेटिंग असते. अनेकांत ती मुळात 'चालू' असते. रात्री दोनला लाईन येते आणि रिकाम्या घरातले सगळे दिवे लख्ख. ती 'आधीची स्थिती' वर ठेवा. पीआयआरलाही सुरू झाल्यावर स्थिर व्हायला मिनिटभर लागू शकतं, तेवढ्यात तो उगाच ओरडू शकतो. म्हणून अलार्मला बॅटरी हवीच, आणि राउटरला छोटा यूपीएस. सायरन इंटरनेटवर अवलंबून असेल तर तो अलार्म घेऊच नका. दिवे अवलंबून असले तर चालतं.

दिव्याचा मोशन सेन्सर आणि अलार्मचा सेन्सर वेगळे ठेवा. दिव्यासाठी मिळणारे बॅटरीवाले सेन्सर बॅटरी वाचवायला एकदा हालचाल दिसली की थोडा वेळ झोपतात. जिन्यातल्या लाईटला ते ठीक आहे, चोराला नाही. जोडणी एकाच दिशेने करा: अलार्म वाजला की सगळे दिवे लागावेत. दिवा लागला-विझला म्हणून अलार्मचं काही बदलू नये.

वेळ ठरवताना घड्याळाऐवजी 'सूर्यास्त' निवडा. डिसेंबरच्या सुरुवातीला आपल्याकडे पावणेसहाच्या आधीच सूर्य मावळतो, जूनअखेर सात वाजून जातात. वर दहा-वीस मिनिटांचा मागेपुढे फरक द्या, नाहीतर रोज ठोक्याला लागणारा दिवा बघून कोणीही ओळखेल.

एक घरगुती अडचण: आई झोपताना बोर्डाचं बटण बंद करते, आणि बटण बंद म्हणजे स्मार्ट बल्ब मेला. सवय बदलायच्या भानगडीत पडू नका. बोर्डाच्या मागे बसणारा स्मार्ट रिले लावा, मग बटण आणि ॲप दोन्ही चालतात. बऱ्याच रिलेंना न्यूट्रल वायर लागते, आणि काम इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या.

सगळं झालं की चाचणी मे महिन्यातच घ्या, कूलर बंद करून, दुपारी चारला. अलार्म चाचणी मोडवर टाका, घरभर हळूहळू चाला आणि सेन्सरचा लाल दिवा कुठे लागत नाही ते बघा. मी हॉलमध्ये दोन जागा अशा शोधल्या, एक तर सोफ्याच्या मागे. मग काकांना बोलावून सायरन वाजवून दाखवला, आणि खरंच वाजला तर एकट्याने आत न जाता आधी ११२ लावायचं, हेही ठरवलं. काठी मात्र ते अजून दाराशीच ठेवतात.