नोटेची मागची बाजू

२०१६ साली दहाच्या एका नोटेवरची 'बेवफा'वाली ओळ देशभर गाजली होती, आठवतंय? आपण सगळेच हसलो, फॉरवर्ड केली. नोटांवर लिहू नका असं रिझर्व्ह बँक १९९९ च्या क्लीन नोट पॉलिसीपासून सांगतेच आहे. पण एके काळी नोटेवर लिहिणं हा व्यवहाराचाच भाग होता.

हे कळलं ते आजीच्या ट्रंकेमुळे. ती गेल्यावर आवराआवर करताना दहाची एक जुनी नोट मिळाली. एका बाजूला छापलेली, मागून कोरी, आणि मधोमध कापून पट्टीने चिकटवलेली. मागे दोन्ही तुकड्यांवर काहीतरी गिचमिड. बाबा म्हणाले, "मोडी आहे. तुझ्या पणजोबांची नोट. आजी कुणाला हात लावू द्यायची नाही."

झालं, वीकेंडला काम मिळालं!

आधी कापलेल्या नोटेचं कोडं. ब्रिटिश सरकारने १८६१ च्या कायद्याने नोटा काढल्या, पण पोस्टातून पैसे पाठवायचे तर चोरीची भीती. मग लोक नोट कापत. अर्धी आधी पाठवायची, पोच आली की उरलेली अर्धी. नंबर दोन ठिकाणी छापलेला असे, त्यामुळे जोडी जुळवता येई. आपल्या भाषेत सांगायचं तर ॲक मिळाल्याशिवाय पुढचं पॅकेट नाही :-) १८८० पासून मनीऑर्डर होती, पण तिला कमिशन पडायचं. कोऱ्या बाजूवर लोक नाव, तारीख टाकत. जुन्या नोटांवर मोडी, गुजराती, उर्दू, काय वाट्टेल ते सापडतं.

मग मोडीचा वर्ग लावला. मोडीत आधी रेघ ओढायची, मग हात न उचलता खाली अक्षरं लिहीत जायची. शब्द कुठे संपतो ते आपण ओळखायचं. सुरुवातीला दुसऱ्याचा कोड कॉमेंटशिवाय वाचतोय असंच वाटायचं.

काही महिन्यांनी पहिला तुकडा लागला. पणजोबांचं नाव, भाद्रपद, शके १८४०. म्हणजे सप्टेंबर १९१८. पणजोबा तेव्हा मुंबईत गिरणीत होते, घर चिपळूणकडे. दुसऱ्या तुकड्यावरही त्यांचंच नाव, पण अक्षर वेगळं. महिना कार्तिक.

इथे मी अडलो. कारण पणजोबांची तिथी आमच्याकडे आश्विनात असते. १९१८ च्या इन्फ्लुएंझाची दुसरी लाट सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मुंबईवरून गेली. देशात एक कोटीहून जास्त माणसं त्या साथीत मेली, त्यातले ते एक. म्हणजे मीच चुकीचं वाचलं असणार. सरांना दाखवलं. ते म्हणाले, "कार्तिकच आहे. आणि हा पुढचा शब्द बघा, 'हस्ते'."

हस्ते, म्हणजे अमक्याच्या हातून. पुढे एक नाव. आमच्या घरात त्या नावाचं कुणीही नाही. बहुधा खोलीतला जोडीदार असावा. पणजीची पोच मुंबईला पोचली तेव्हा पणजोबा नव्हते. ती त्या माणसाने वाचली असणार, आणि उरलेली अर्धी पाठवून दिली असणार.

अर्ध्या नोटेचं बाजारात काही येत नाही, हे खरं. पण ती फेकून देता आली असती. साथीत माणसं पटापट जात होती, कोण विचारणार होतं? पाठवणारा गेल्यावर व्यवहार पुरा करायचा, असा नियम त्या पद्धतीत कुठेच नव्हता. तो त्या माणसाचा स्वतःचा होता.

दहा रुपये तेव्हा गिरणीच्या पगाराचा मोठा हिस्सा. पदरात लहान पोर असताना पणजीने ते खर्च केले नाहीत. दोन तुकडे जोडले आणि ठेवून दिले. हे ऐकल्यावर बाबा बराच वेळ गप्प होते. आता आम्ही आश्विनातल्या तिथीला आणखी एक नाव घेतो.

असो. तुमच्या घरी जुनी नोट असेल तर लॅमिनेट करू नका. आधी उलटी करून बघा.