पत्त्यांचा डाव आणि मेंदू वाचणारी टोपी

थोडी मोठी पोस्ट आहे, सवडीने वाचा.

‘लकवा झालेल्यांसाठी व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी’, ‘मनात आणलं की हलणार हात’ अशा बातम्या हल्ली मराठी पेपरांतही येतात. ज्यांच्या घरात पक्षाघाताचा पेशंट आहे ती माणसं असं कात्रण जपून ठेवतात, फोन नंबर शोधतात, पैशांची जुळवाजुळव सुरू करतात. म्हणून या यंत्रांचा इतिहास जरा नीट सांगावासा वाटला. तो वाचताना मी एकच प्रश्न धरून बसलो होतो: ज्यांना यंत्र दिलं नाही, त्या दुसऱ्या गटाला काय दिलं होतं?

गोष्ट सुरू होते ती यंत्राशिवाय. १९५९ साली न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात शिकवणारे पेद्रो बाख-ई-रिता यांना झटका आला. साठी उलटलेली, अर्धं अंग गेलेलं, वाचाही गेलेली. त्या काळची समजूत अशी की मोठ्या माणसाच्या मेंदूत एकदा गेलं ते गेलं. त्यांचा मुलगा जॉर्ज तेव्हा मेक्सिकोत डॉक्टरकी शिकत होता. तो वडिलांना घरी घेऊन गेला आणि लहान मुलाला शिकवतात तसं पहिल्यापासून शिकवायला लागला. आधी रांगायला लावलं, खांदा भिंतीला टेकवून. मग जमिनीवर गोट्या टाकून त्या गेलेल्या हाताने धरायला. मग भांडी घासायला. म्हाताऱ्या प्राध्यापकाला अंगणात रांगायला लावतो म्हणून शेजारी नाराज. पण साधारण वर्षभराने पेद्रो पुन्हा वर्गात उभे राहून शिकवू लागले. १९६५ मध्ये कोलंबियात डोंगर चढताना ते वारले. शवविच्छेदनात दिसलं की मेंदूच्या खोडातली मोठी इजा होती तशीच होती. म्हणजे तुटलेला रस्ता दुरुस्त झालेला नव्हता, उरलेल्या मेंदूने दुसरा रस्ता काढला होता. त्यांचा दुसरा मुलगा पॉल पुढे मेंदूच्या या लवचीकपणाचा मोठा अभ्यासक झाला. अर्थात ही एका माणसाची गोष्ट आहे, इथे दुसरा गट नाहीच.

तो आला एडवर्ड टॉब यांच्या कामातून, आणि तिथपर्यंतचा रस्ता सुखाचा नव्हता. टॉब माकडाच्या एका हाताच्या संवेदना आणणाऱ्या नसा कापत. हात हलू शकत असे, तरी माकड तो वापरायचं सोडून देई. चार वेळा प्रयत्न फसला की नाद सोडायचा, हे माकडालाही कळतं. पण चांगला हात बांधून ठेवला की नाइलाजाने का होईना, सोडलेला हात कामाला लागे. १९८१ मध्ये अमेरिकेतल्या सिल्व्हर स्प्रिंग इथल्या त्यांच्या प्रयोगशाळेवर प्राण्यांच्या छळाच्या तक्रारीवरून पोलिसांची धाड पडली. खटला चालला, काही आरोपांत ते दोषी ठरले, पुढे ते निकाल रद्द झाले. त्या माकडांचे हाल झाले हे नाकारण्यात अर्थ नाही. टॉब यांनी नंतर हीच युक्ती माणसांवर वापरली: चांगल्या हाताला जाड मोजा, जागेपणीचा बहुतेक वेळ, दोन आठवडे, आणि दुबळ्या हाताचा रोज काही तास सराव. २००६ साली २२२ पेशंटांवरच्या चाचणीचा निकाल आला. दुसऱ्या गटाला एरवी मिळतात तेच उपचार मिळत होते, कोणाला थोडे, कोणाला काहीच नाही. मोज्याचा गट स्पष्टपणे पुढे गेला. यंत्राचा खर्च म्हणाल तर एक मोजा.

दुसरं स्वस्त साधन आरसा. मद्रासच्या स्टॅनले मेडिकल कॉलेजात शिकलेले आणि पुढे सॅन दिएगोला गेलेले व्ही. एस. रामचंद्रन यांनी तो आधी हातपाय कापलेल्यांच्या वेदनांसाठी वापरला. १९९९ मध्ये त्यांच्या गटाने पक्षाघाताच्या नऊ पेशंटांवर तो करून पाहिला. मधे आरसा उभा, चांगला हात हलवायचा, आरशात दिसतो तो जणू गेलेलाच हात. तुलनेच्या वेळी आरशाच्या जागी पारदर्शक प्लास्टिक. मला ही कल्पना फार आवडते. बाकी सगळं तेच, फक्त भास काढून घेतला. व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटीत हात हलताना दाखवतात त्याचा हा आजोबाच म्हणायचा.

मग २००६ साली निन्टेन्डोचा ‘वी’ आला. टीव्हीसमोर उभं राहून हात हलवायचा की पडद्यावर टेनिस खेळलं जातं. फिजिओथेरपीच्या जगात उत्साहाची लाट आली. कॅनडाचे गुस्ताव्हो सापोस्निक यांनी मात्र चार देशांतल्या १४१ पेशंटांवर रीतसर चाचणी घेतली, निकाल २०१६ मध्ये. दोन्ही गटांना नेहमीचे उपचार, शिवाय दोन आठवड्यांत तासातासाची दहा सत्रं. एका गटाला ‘वी’. आणि दुसऱ्याला? पत्ते, बिंगो, जेंगा. दोन्ही गट सुधारले, सारखेच सुधारले. ‘वी’ म्हणजे डोळ्यांवरचा हेडसेट नव्हे, हे मान्य. पण २०१७ चा कॉक्रेन आढावा ७२ चाचण्यांचा होता. त्यातही हेच निघालं: नेहमीच्या सरावाच्या जागी व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी दिली तर हाताला जास्त फायदा नाही; त्याच्या जोडीला दिली, म्हणजे एकूण वेळ वाढला, तर होऊ शकतो.

वेळेचं महत्त्व का, त्याचा एक आकडा. अमेरिकेत कॅथरीन लँग यांनी २००९ मध्ये फिजिओथेरपीच्या सत्रांत बसून मोजलं, तर हाताची कामाची हालचाल सत्रामागे सरासरी ३२ वेळा. प्राण्यांवरच्या प्रयोगांत मेंदू बदलताना दिसतो तो शेकडो वेळांच्या सरावानंतर. ३२ आणि शेकडो! हेडसेटचा खरा उपयोग इथे आहे. कंटाळा न येता माणूस दोनशे वेळा हात उचलतो.

आता टोपी. येनात हान्स बेर्गर यांनी १९२४ साली माणसाच्या मेंदूतल्या विद्युतलहरी पहिल्यांदा नोंदवल्या, आणि १९७३ साली जॅक व्हिडाल यांनी मेंदू थेट कॉम्प्युटरला जोडायची कल्पना मांडली. पक्षाघातासाठी कसोटीची चाचणी झाली जर्मनीत ट्युबिंगनला, निकाल २०१३ चा. ३२ पेशंट, बोटं उघडताच न येणारे. हात हलवायचा विचार मनात आला की मेंदूच्या लहरी बदलतात. टोपीने ते टिपायचं आणि त्याच क्षणी यंत्राने हात हलवायचा. दुसऱ्या गटालाही तीच टोपी, तेच यंत्र, तेवढीच फिजिओथेरपी. फरक एकच: त्यांचा हात यंत्र वाटेल तेव्हा हलवी, इच्छेशी संबंध नाही. सुधारला पहिलाच गट. मला वाटतं, या सगळ्या इतिहासातला सर्वांत प्रामाणिक प्रयोग हाच. नुसता कोणीतरी हात हलवून देऊन भागत नाही, ‘हलव’ हा हुकूम पेशंटच्या मनातून त्याच वेळी निघावा लागतो. सुधारणा मात्र सरासरी ३.४ गुणांची, चमचा धरून जेवायला लागले असं नव्हे. २०२१ मध्ये अमेरिकेने अशा एका यंत्राला घरी वापरायची परवानगी दिली, ४० जणांच्या चाचणीवर. आपल्याकडे आयआयटी कानपूरचे प्रा. आशिष दत्ता अनेक वर्षं अशाच हातावर काम करताहेत.

भारतातलीच आणखी एक मोठी चाचणी, २०१७ ची. १४ रुग्णालयं, १२५० पेशंट. डॉक्टर-फिजिओ कमी आहेत, तर घरच्यांनाच शिकवून घरी पाठवूया, असा विचार. सहा महिन्यांनी दोन्ही गटांत ४७ टक्के लोक मृत किंवा परावलंबी, फरक शून्य. यावरून घरच्यांना दोष देऊ नका. सून स्वयंपाक, शेत, पोरं सांभाळून सासऱ्यांचा हात शेकडो वेळा कधी उचलून घेणार? जॉर्जकडे एक वर्ष होतं. आयुष्मान भारत योजनेत घरी सोडल्यानंतरचा खर्च १५ दिवसांचा धरलाय.

म्हणून नव्या यंत्राची बातमी आली की मी आता यंत्राचा फोटो बघत नाही. डिस्चार्जनंतर सोळाव्या दिवशी पेशंट कुठे जातो, तेवढं शोधतो. तुमच्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात फिजिओथेरपिस्टचं पद आहे का, भरलेलं आहे का, आठवड्यातून किती दिवस माणूस येतो? माहीत असेल तर तालुक्याच्या नावासह खाली लिहा.