सार्कॉइडोसिस : क्षयरोगाच्या छायेतून दाहाच्या संकल्पनेकडे

सार्कॉइडोसिस या व्याधीचे नाव ज्या समजुतीवरून पडले, ती समजूत केव्हाच मागे पडली आहे. ग्रीक भाषेत 'सार्क्स' म्हणजे मांस आणि 'सार्कॉइड' म्हणजे मांसार्बुदासारखे दिसणारे. प्रत्यक्षात ही व्याधी अर्बुद नव्हे. शरीराच्या प्रतिकारयंत्रणेतील पेशी एकत्र येऊन फुफ्फुसे, लसीकाग्रंथी, त्वचा, डोळे, क्वचित हृदय आणि मज्जासंस्था यांत सूक्ष्म गाठी निर्माण करतात. या गाठींना ग्रॅन्युलोमा म्हणतात. ही दाहजन्य व्याधी आहे, असे आजची पाठ्यपुस्तके एका वाक्यात सांगतात. त्या वाक्यापर्यंत पोहोचण्यास वैद्यकाला सुमारे शंभर वर्षे लागली. हा विलंब का झाला, याचा विचार प्रस्तुत निबंधात करावयाचा आहे.

लंडनचे जोनाथन हचिन्सन यांनी 1869 मध्ये कोळशाच्या धक्क्यावर काम करणारा एक रुग्ण तपासला. त्याच्या हातापायांवर जांभळट चट्टे होते. हचिन्सन यांनी त्यांचा संबंध गाउट या संधिविकाराशी जोडला. पॅरिसमध्ये अर्नेस्ट बेनिए यांनी 1889 मध्ये नाक, कान व बोटे यांवरील अशाच विकृतीला 'ल्युपस पर्निओ' हे नाव दिले. नॉर्वेतील सीझर बोक यांनी 1899 मध्ये त्वचेचा छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. तेथील पेशींची रचना त्यांना मांसार्बुदाची आठवण करून देणारी, परंतु सौम्य वाटली. 'सार्कॉइड' हा शब्द तेथून रूढ झाला.

येथे थोडे थांबणे आवश्यक आहे. रोमन लेखक सेल्सस याच्या काळापासून दाहाची चार लक्षणे मानली गेली : लाली, सूज, उष्णता आणि वेदना. मराठीतील 'दाह' हा शब्दही जळजळ आणि ऊष्मा यांचीच सूचना देतो. सार्कॉइडोसिसच्या त्वचेवरील गाठी मात्र बहुधा दुखत नाहीत आणि तापतही नाहीत. दाहाची व्याख्या इंद्रियगोचर लक्षणांवर आधारलेली असताना असा थंड, मुका दाह दाह म्हणून ओळखला जाणे कठीणच होते.

त्यानंतरचा मोठा अडथळा क्षयरोगाचा होता. रॉबर्ट कॉख यांनी 1882 मध्ये क्षयाचे जंतू दाखवून दिले आणि ग्रॅन्युलोमा दिसला की क्षय आठवावा, हे स्वाभाविक झाले. दोन्ही व्याधींत गाठी दिसतात. फरक इतकाच की क्षयाच्या गाठीचा मध्यभाग बहुधा मृत होऊन भुसभुशीत होतो, सार्कॉइडोसिसमध्ये तसे सहसा होत नाही. बोक स्वतः पुढे या व्याधीला क्षयाच्या जवळची मानू लागले. स्वीडनचे यर्गन शाउमान यांनी त्वचा, फुफ्फुसे, अस्थी आणि लसीकाग्रंथी यांतील विकृती एकाच व्याधीची रूपे आहेत, असे 1914 च्या सुमारास मांडले. ही फार मोठी झेप होती. तरीही कारणाचा प्रश्न येताच तेही क्षयाकडेच वळले.

ही गाठ सुटण्यास आरंभ झाला तो 1941 मध्ये. नॉर्वेच्या अन्स्गार क्वाइम यांनी सार्कॉइडोसिस झालेल्या लसीकाग्रंथीचे उकळलेले मिश्रण रुग्णांच्या त्वचेत टोचले. 13 पैकी 12 रुग्णांच्या त्वचेवर काही आठवड्यांनी गाठ उठली. त्वचेच्या क्षयाच्या रुग्णांत तसे घडले नाही. स्वेन लफग्रेन यांनी 1946 मध्ये पायांवरील लाल दुखऱ्या गाठी आणि फुफ्फुसांच्या मुळाशी दोन्ही बाजूंना वाढलेल्या ग्रंथी यांचे साहचर्य दाखविले. हे चित्रही पूर्वी क्षयाच्याच खाती जमा होत असे. पुढे 1950 च्या दशकात स्टेरॉइड औषधे आली व त्यांनी गाठी विरघळू लागल्या. क्षयरोगात जे औषध एकटे दिल्यास घात करते, तेच येथे उपकारक ठरते, हा विरोध बोलका होता.

एक कोडे तरीही उरले. अनेक रुग्णांत ट्युबरक्युलिनची त्वचाचाचणी नकारात्मक येई आणि रक्तातील लसीका पेशी कमी आढळत. म्हणून या रुग्णांची प्रतिकारशक्ती दुबळी आहे, असे दीर्घकाळ शिकविले गेले. गॅरी हनिंगहेक आणि रोनाल्ड क्रिस्टल यांनी 1981 मध्ये फुफ्फुसाच्या आतील भाग द्रावणाने धुऊन त्या द्रावणातील पेशी मोजल्या. रक्तात ज्या सहाय्यक टी-पेशी उण्या दिसत होत्या, त्यांची फुफ्फुसात दाटी होती. वैद्यक इतकी वर्षे रक्त तपासून फुफ्फुसाविषयी अनुमान करीत होते, असे म्हटल्यास ते फारसे अन्यायाचे होणार नाही. दुर्बलता म्हणून जे वर्णिले गेले, ते एका ठिकाणी एकवटलेल्या अतिरेकाचे दुसरे अंग होते. सार्कॉइडोसिसला प्रतिकारजन्य दाह म्हणण्यास खरा आधार येथे मिळाला.

त्याच वर्षी आणखी एक निरीक्षण प्रसिद्ध झाले. 'ड' जीवनसत्त्वाचे क्रियाशील रूप प्रामुख्याने मूत्रपिंडात तयार होते. परंतु मूत्रपिंडे नसलेल्या सार्कॉइडोसिसच्या एका रुग्णातही ते वाढलेले आढळले. ते ग्रॅन्युलोमातील भक्षक पेशीच तयार करतात, हे पुढे सिद्ध झाले. या रुग्णांच्या रक्तात कॅल्शियम का वाढते, याचा उलगडा त्यातून झाला. थकवा दिसताच 'ड' जीवनसत्त्वाच्या गोळ्या देण्याची सवय आज जडली आहे. तेथे हे ज्ञान केवळ ऐतिहासिक राहत नाही.

भारताच्या संदर्भात हा इतिहास अद्याप संपलेला नाही. ही व्याधी आपल्याकडे जवळजवळ नाहीच, असा समज दीर्घकाळ होता. पूर्व भारतातील 125 रुग्णांचा, ऊतीच्या तपासणीने निदान झालेला आढावा 1990 मध्ये प्रसिद्ध झाला. 2004 मध्ये एस. के. शर्मा व ए. मोहन यांनी आपल्या लेखाच्या शीर्षकातच ही व्याधी भारतात तितकी दुर्मीळ नसल्याचे सांगितले. व्याधी नव्याने आली नव्हती. ती क्षयाच्या नोंदवहीत लिहिली जात होती. खोकला, ताप, वजनातील घट आणि छातीच्या क्ष-किरण चित्रातील वाढलेल्या ग्रंथी एवढे पाहून क्षयाची औषधे सुरू होतात. सहा महिने जातात आणि या काळात डोळ्यांतील वा हृदयातील दाह वाढत राहू शकतो. उलट बाजूची चूक अधिक भयावह आहे : सार्कॉइडोसिस समजून स्टेरॉइड दिले आणि मुळात क्षयच असला, तर तो पसरतो. जंतूंचा जनुकीय अंश शोधणाऱ्या चाचण्या आता उपलब्ध आहेत. परंतु लसीकाग्रंथीच्या नमुन्यात त्या नकारात्मक आल्या म्हणून क्षय नाहीच, असे ठामपणे म्हणता येत नाही.

दरम्यान क्षयाचा प्रश्न संशोधनातही परतला आहे. सार्कॉइडोसिसच्या ऊतींमध्ये क्षयजंतूंच्या कुळातील एका प्रथिनाचा माग 2005 मध्ये लागला. मात्र या कुळातील जंतूंविरुद्धची औषधे देऊन केलेल्या आणि 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रुग्णांच्या फुफ्फुसांची क्षमता सुधारली नाही. जंतू निघून गेल्यानंतर त्याच्या अवशेषांवर प्रतिकारयंत्रणा झुंजत राहते, अशी एक उपपत्ती आज मांडली जाते. ती खरी ठरल्यास शाउमान सर्वस्वी चुकले होते, असेही म्हणता येणार नाही.